न्यायला येणारा माणूस

लोहाऱ्याच्या आठवडी बाजारात गोरोबा सुरवसे महालिंगप्पाला पहिल्यांदा भेटला, तेव्हा अख्ख्या तालुक्याचा कारभार बंद पडला होता. निदान महालिंगप्पा तसं सांगतो. झालं असं की भर दुपारी गोरोबा बाजाराच्या मधोमध मान मागं टाकून आभाळात बघत उभा होता. त्याला बघून भाजीवाल्यानं वर बघितलं, भाजीवाल्याला बघून गिऱ्हाइकानं बघितलं, आणि बघता बघता सगळा बाजार तोंड वर करून उभा राहिला. जीपवाल्यांनी सीटं भरायची सोडून दिली. निघालेली एसटी ड्रायव्हरनं स्टँडच्या दारातच थांबवली. जेवणाच्या सुट्टीशिवाय खुर्ची न सोडणारे तहसीलमधले कारकून खुर्ची सोडून बाहेर आले. कुणी म्हणालं मंत्र्याचं हेलिकॉप्टर, कुणी म्हणालं ग्रहण. एका म्हातारीनं तर कशाची चौकशी न करता हात जोडून टाकले. संध्याकाळपर्यंत उमरग्यात बातमी पोचली होती की लोहाऱ्यात इमान कोसळलं, पण आतला माणूस टोमॅटोवर पडल्यामुळं वाचला.

त्यातला टोमॅटोचा भाग तेवढा खरा होता. वर दोन घारी गोल फिरत होत्या आणि खाली गोरोबाचा एक पाय महालिंगप्पाच्या टोमॅटोच्या क्रेटमध्ये होता. वर न बघणारा सगळ्या बाजारात महालिंगप्पा एकटाच. तो त्या पायाकडं बघत होता.

"पाय काढा," तो म्हणाला, "मग निवांत देव बघा."

गोरोबानं पाय काढला, माफी मागितली, चेंगरलेल्या टोमॅटोचे पैसे दिले आणि घारी फिरतात तिथं तापलेली हवा वर चढत असते हे समजावून सांगितलं. महालिंगप्पानं शांतपणे ऐकून घेतलं आणि टोमॅटोचा भाव सोडून बाकी सगळं वर चढतंय, असं मत दिलं. अशी ओळख झाली.

गोरोबा सास्तूरचा. तरुणपणी हवाईदलात गेला आणि विमानांची चाकं, ब्रेक दुरुस्त करत देशभर हिंडला. आयुष्यभर दुसऱ्यांना उडवायचं आणि आपण जमिनीवर हात पुसत उभं राहायचं, अशी ती नोकरी. एकदा कुठल्याशा शिबिरात त्याला ग्लायडरमध्ये बसवलं. इंजिन नाही, आवाज नाही, लांबलचक पंखांचं हलकं विमान. वर जायला ऊन आणि खाली यायला वजन, दोन्ही फुकट. हिशेबी मराठवाडी माणसाला याहून चांगलं वाहन कुठलं मिळणार? गोरोबा शिकला, परवाना काढला, आणि निवृत्त होऊन गावी आल्यावरही महिन्यातून एकदा एसटीनं पुण्याकडच्या एका क्लबात जाऊन उडून यायला लागला. लोक बायकोमुलांना भेटायला जातात तसा.

बायकोमुलांचा प्रश्न नव्हता. लग्नाचं दर वेळी 'पुढच्या सुट्टीत बघू' म्हणता म्हणता सुट्ट्या संपल्या, बघणारे आईवडीलही गेले. भाऊ पुण्यात, दिवाळीला फोन करायचा. सास्तूरच्या घरात गोरोबा एकटाच कुकरमध्ये खिचडी लावायचा आणि शिटी झाली की "व्हय व्हय, आलो" म्हणायचा. घराला कुलूप लावताना कुठं निघालात असं विचारणारं कुणी नव्हतं, त्यामुळं त्याची सांगायची सवयही मोडली होती. गाव चांगलं होतं, सगळे रामराम घालायचे. पण रामराम काय, दारावरून जाणाऱ्या कुणालाही घालतात.

त्यात क्लबानं धाराशिवच्या बाहेरच्या धावपट्टीवर स्पर्धा ठरवली. एवढी वर्षं गोरोबा उडाला होता तो पट्टी नजरेआड न होऊ देता. म्हशीला दावं असतं तसं त्याचं होतं, फक्त दावं दिसत नव्हतं. कारण साधं होतं. ग्लायडर लांब गेलं आणि हवा संपली, तर ते मिळेल त्या रानात उतरतं. मग कुणीतरी गाडीला लांब ट्रेलर जोडून यावं लागतं, पंख सोडवून ग्लायडर त्यात घालून माणसासकट परत न्यावं लागतं. स्पर्धा तर लांब जाण्याचीच होती. जो जितका लांब जाईल तितके गुण, दिशा ज्याची त्यानं निवडायची, आणि न्यायला येणारा माणूस ज्याचा त्यानं आणायचा.

बाकीच्यांनी बायका आणल्या, मुलगे आणले, एकानं तर जावई आणला. गोरोबा फोनमधली नावं वरपासून खालपर्यंत बघत बसला. भावाला विचारलं तर त्याचा मार्चएंड होता. नोकरीतल्या मित्रांनी शुभेच्छा दिल्या, फुलांची चित्रंही पाठवली. शेवटी, ज्याच्याशी आपलं नातं फक्त एका क्रेटपुरतं आहे, त्या माणसाच्या गाळ्यावर तो जाऊन उभा राहिला. महालिंगप्पाच्या पिकअपला मागं हूक होता.

महालिंगप्पानं आढेवेढे घेतले नाहीत. "हैदराबाद रोडला माल सोडायला जातोच की," तो म्हणाला. "तुला आणायला काय जड हाय."

स्पर्धेच्या दिवशी महालिंगप्पा भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा बांधून, कपाळाला विभूती लावून, पिकअप धुऊन हजर झाला. तिकडं टोप्या घातलेले स्पर्धक आपापल्या माणसांना नकाशावर बोट ठेवून रस्ते समजावत होते. बायका उलटसुलट प्रश्न विचारत होत्या, जावई वहीत लिहून घेत होता. गोरोबा नकाशा घडी करून हातात धरून उभा राहिला. अप्पा विचारतील, मग सांगू. त्याच्या मनात तुळजापूर, नळदुर्ग, जळकोट असं हायवेच्या अंगानं आग्नेयेला जायचं होतं. महालिंगप्पा आरसा पुसत होता. आरसा पुसून झाल्यावर त्यानं दुसरा आरसा पुसला. गोरोबाला वाटलं, नसेल त्यांना एवढी पडलेली. मदतीला आलेल्या माणसानं तरी कशाला चौकशा कराव्यात. त्यानं नकाशा खिशात घातला.

"येतो, अप्पा."

"ये," महालिंगप्पा म्हणाला, आणि घाईनं दुसरीकडं बघायला लागला.

यंत्रानं दोर ओढला, ग्लायडर पतंगासारखं उभं वर चढलं, दोर सुटला आणि आवाज संपला. खाली महालिंगप्पा पिकअपशेजारी उभा होता. मग तो क्रेटएवढा झाला, मग टोमॅटोएवढा, मग दिसेना. नांगरलेल्या काळ्या रानावर हवा चांगली तापली होती. गोरोबा तिच्यात शिरून गोल फिरत फिरत उंच गेला. एक घार शेजारी आली, तिनं त्याच्याकडं नव्या भाडेकरूकडं बघावं तसं बघितलं आणि निघून गेली.

तुळजापूरचा घाट मागं पडला तेव्हा गोरोबानं मान वळवली. पट्टी घडी घातलेल्या रुमालाएवढी दिसत होती. इथून पुढं गेलं की परत पोचणं नाही. एवढ्या वर्षांत अशा ठिकाणी त्याचा हात आपोआप वळायचा. या वेळी वळला नाही. खाली एक माणूस भाकरी बांधून आलाय, तो न्यायला येणार आहे, एवढ्याच आधारावर गोरोबा पुढं निघाला. बोरी धरणाचं पाणी खालून चमकत गेलं. त्यानं मोठ्यानं म्हणून बघितलं, "अप्पा, नळदुर्ग आलं बरं का." काचेच्या आत आवाज फार मोठा वाटला, म्हणून पुढचं तो मनातच बोलला.

जळकोटच्या अलीकडं हवेतला जोर गेला. गोरोबानं बराच वेळ शोधलं, मग नाद सोडून काढलेल्या हरभऱ्याचं एक मोकळं रान बघून अलगद उतरला. रान तात्यारावांचं होतं. पाचच मिनिटांत त्या रानात इतकी माणसं जमली की हरभरा काढायला एवढी मिळाली असती तर तात्यारावांचा आठवडा वाचला असता. लोकांनी पंखाजवळ उभं राहून फोटो काढले. एकानं ॲव्हरेज किती देतं विचारलं. पेट्रोल लागतच नाही म्हटल्यावर तो गंभीर झाला आणि कुठं मिळतं याची चौकशी करायला लागला.

गोरोबाचा फोन रस्ता दाखवता दाखवता बंद पडला होता. तात्यारावांनी आपला पुढं केला, आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की महालिंगप्पाचा नंबर आपल्याला पाठ नाही. कुणाचाच नाही. पाठ असलेला एकच नंबर, तो स्वतःचा. करायचं काहीच सुचेना म्हणून त्यानं तोच लावला. आपण ज्यांच्याशी संपर्क साधू इच्छिता ते सध्या उपलब्ध नाहीत, असं एका बाईनं त्याला नम्रपणे कळवलं.

शेवटी तात्यारावांचा मुलगा राजपाल मोटरसायकलवर त्याचा फोन घेऊन गावात चार्ज करायला गेला. ग्लायडर सोडून हलता येत नव्हतं. माणसं हळूहळू पांगली. तात्यारावांच्या आई, मुक्ताबाई, पाण्याची कळशी घेऊन आल्या आणि पंखाच्या सावलीत टेकल्या.

"न्यायला कोन येनार हाय, बाबा?"

"हाय एक जण."

"घरचं मानूस?"

"न्हाय, मावशी. टोमॅटोवाले हायत."

मुक्ताबाईंनी यावर थोडा विचार केला. "मग येतील," त्या म्हणाल्या. "टोमॅटोवाले लई लांबलांबून येत्यात."

त्याही म्हशीची धार काढायला गेल्या. पंखाची सावली सरकली तसा गोरोबा सरकत राहिला. रस्त्यावरून प्रत्येक पिकअप गेली की उठून उभा राहायचा. राजपाल फोन घेऊन आला तेव्हा ऊन उतरलं होतं. गोरोबानं महालिंगप्पाला फोन लावला. घंटी वाजत राहिली, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग आयोजकांना लावला. ते म्हणाले, तुमचा माणूस तर तुम्ही उडाल्या उडाल्याच ट्रेलर घेऊन निघून गेला, आम्हाला वाटलं तुमच्यामागंच आहे.

गोरोबानं फोन खिशात घातला. त्याला राग आला नाही. राग यायला आधी हक्काचं माणूस लागतं. आपणच उगाच घाट ओलांडला, एवढंच त्याला वाटलं. दिवे लागायच्या सुमाराला आयोजकांनी दुसऱ्या स्पर्धकाचा ट्रेलर पाठवला, तात्याराव आणि राजपाल पंख धरू लागले, आणि गोरोबा धाराशिवला परत आला. त्या दिवशी तो पाचवा होता. दुसऱ्या दिवशी न्यायला माणूस नाही म्हणून त्याला उडू दिलं नाही, आणि एकूण निकालात तो शेवटचा आला.

तो सास्तूरला पोचला तर शेजारच्या लक्ष्मीबाई दारातच उभ्या. आदल्या दिवशी दुपारपासून गोरोबाच्या ओट्यावर एक माणूस बसला होता म्हणे, लांबडा गाडा जोडलेली पिकअप गल्लीत लावून. "आमी म्हनलं, कुलूप हाय, कशाला बसलाव? तर म्हनला, आमचा मानूस येनार हाय. च्या दिला, प्याला. दिवे लागले तरी हलंना. सारखा वर बघाय लागलावता. त्याला बघून सगळी गल्ली वर बघाय लागली."

गोरोबा तसाच लोहाऱ्याला गेला. महालिंगप्पा गाळ्यावर टोमॅटो निवडत होता. त्यानं वर न बघताच सुनावलं की दिवसभर उपाशी बसलो, डबासुद्धा उघडला नाही, तू आल्यावर खाऊ म्हणून. फोन गाडीत राहिला, आणि आमचा माणूस मेला का जगला ते रात्री आयोजकांच्या फोनवरून कळलं.

"अप्पा, तुम्ही मला विचारलं का न्हाय, कुठं चाललास म्हणून?"

महालिंगप्पाचा हात थांबला. एवढ्या वयाच्या माणसाला एवढं कळू नये याचं त्याला नवल वाटलं. "निघालेल्या माणसाला कुठं चाललास म्हनून कधी इचारत्यात का रं? अपशकुन असतोय. त्यात तू बिनइंजनाचं घेऊन निघालेला. माझी जीभ तरी वळंल का?"

"मग सास्तूरला का गेलात?"

"मानूस जाऊन जाऊन कुठं जाईल? घराकडंच की."

गोरोबा क्रेटवर बसला. नशीब, रिकामा होता. बराच वेळ दोघं मिळून टोमॅटो निवडत राहिले. आदल्या दिवशीचा डबा अजून पिकअपमध्येच होता. भाकरी कडक झाली होती. ती त्यांनी चटणीशी खाल्ली.

त्यानंतर गोरोबाला एक खोड लागली. घरातून निघताना तो महालिंगप्पाला फोन करून, कुणी न विचारता, कुठं चाललोय ते सांगायला लागला. अप्पा, उमरग्याला चाललोय. अप्पा, पोस्टात चाललोय. अप्पा, दळण आणायला चाललोय. विचारायचा दोष महालिंगप्पाला लागत नव्हता, त्यामुळं त्याची तक्रार नव्हती. तो भाव सांगता सांगता मध्येच "बरं, ये" म्हणायचा आणि फोन ठेवायचा. पुढच्या स्पर्धेसाठी त्यानं हुकाला तेलही लावून ठेवलं होतं.

जानेवारीतल्या वैद्यकीय तपासणीत गोरोबाचा रक्तदाब जास्त निघाला, आणि त्याच्या परवान्याचं नूतनीकरण झालं नाही. उडणं बंद झालं, पण 'अप्पा, दळण आणायला चाललोय' तेवढं चालू राहिलं.