महाबळेश्वर सोडून गोठ्याच्या चिखलात

लग्नानंतरचा आमचा पहिला मे महिना. ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. प्रकाश मुंबईत एका छापखान्यात होता आणि मी विमा कचेरीत टायपिस्ट. दोघांची रजा कशीबशी जुळवून महाबळेश्वरचं ठरत होतं, तेवढ्यात माझ्या मावसबहिणीचा, विजयाताईचा, निरोप आला. तिला देवरूखच्या पलीकडे डोंगरातल्या एका वाडीत दिलेली. निरोप घेऊन तिच्या वाडीतलाच एक माणूस आला होता. गोठ्यात बिबट्या शिरला, काठ्यांच्या कुडाची भिंत फोडून त्यानं पाडी ओढून नेली, असं त्यानं सांगितलं. उरलेली गाय गाभण होती, पंधरवड्यात व्यायची. ताईनं आता मातीची जाड भिंत घालायचं मनावर घेतलं होतं आणि तिला माणसं हवी होती.

प्रकाशला वाटलं मी आता रडणार. मी म्हटलं, "मधुचंद्राला भिंत बांधायला जाऊ या." तो इतका हसला की निरोप्याही हसायला लागला.

तेव्हा कोकणात रेल्वे नव्हती. आज संगमेश्वर रोडला उतरून तासाभरात देवरूखला पोचता येतं. आम्ही मात्र रात्रभर एसटीत. कशेडी घाटात प्रकाशचं पोट ढवळलं, तेव्हा शेजारच्या अनोळखी बाईंनी त्याला आमसूल दिलं आणि लग्नाला किती दिवस झाले ते विचारून घेतलं. कुठं निघालात या प्रश्नावर आम्ही खरं ते सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही. सकाळी देवरूखच्या स्टँडसमोर उसळपाव खाल्ला, इतका तिखट की घाट विसरायला झालं. पुढं वाडीपर्यंत पायवाट, दोन्हीकडं करवंदांच्या जाळ्या. खात खात गेल्यामुळे पोचायला दुपार झाली आणि दोघांचीही तोंडं काळी.

सासर कसं असतं ते ताईकडं पाहून कळावं. तिचे यजमान, सुरेशभावोजी, मुंबईला नोकरीला, गणपतीला आणि शिमग्याला यायचे. घरात ती आणि सासूबाई. सासूबाईंना सगळी वाडी काकी म्हणायची. आम्ही वाकून नमस्कार केला तर काकींनी आशीर्वाद दिला, पाणी दिलं आणि लगेच सांगून टाकलं, "बायकांनी भित घालायची नि माझ्या पोरानं येवून नुस्ती बघायची काय?" भिंत हे घरच्या कर्त्या पुरुषाचं काम, गणपतीला तो येईल तेव्हा घालेल, असं त्यांचं म्हणणं. तोवर गाय रात्री घराच्या पडवीत बांधायची आणि काकी तिच्याशेजारी घोंगडी टाकून झोपायच्या. ताई उलट बोलली नाही. तिनं माती मात्र आधीच भिजत घातली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीतल्या चार बायका आल्या. गोठ्याचे खांब आणि वरची कौलं शाबूत होती, खाली जांभ्याच्या चिऱ्यांचा चौथरा होता, फक्त भिंती नव्हत्या, फाटलेला कुड ताईनं काढून टाकला होता. लाल मातीत भाताचा पेंढा तोडून टाकायचा, पाणी शिंपडायचं आणि पायांनी तुडवायचं. माती पायाला न चिकटता गोळा सुटा झाला की तो उचलून थापायचा, हातभर रुंदीचा, दीड वीत उंचीचा थर. कोणाला असा गोठा किंवा तबेला बांधायचा असेल तर एवढं लक्षात ठेवा, एक थर वाळल्याशिवाय दुसरा चढवायचा नाही.

हे आम्हाला ताईनं सांगितलं होतं. पण तुडवण्यात जी मजा आहे ती सांगून कळणार नाही. एकमेकींचे हात धरून गोल फिरायचं, बोटांमधून गार चिखल वर येतो, पेंढा गुदगुल्या करतो. प्रकाश एकटा पुरुष, लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून ताईच्या आणि माझ्या मधोमध. बायकांनी त्याला उखाणा घ्यायला लावला. नाव घेता घेता तो घसरला आणि पडताना त्यानं ताईचा हात सोडला नाही. दोघं उठायला जायची आणि पुन्हा बसायची. मी इतकी हसले की माझाही तोल गेला. पडवीत तांदूळ निवडत बसलेल्या काकींनी आमच्याकडं पाठ फिरवली, पण दुपारी भाकरी आणि कुळथाचं पिठलं त्यांनीच पानावर वाढलं.

तिसऱ्या दिवशी मस्तीच अंगात आली. पहिला थर वरून कोरडा वाटत होता, म्हणून आम्ही त्यावर दुसरा चढवला आणि लगेच तिसरा. दुपारी जेवून उठलो तर मागची भिंत पोट सुटल्यासारखी फुगली होती. आमच्या डोळ्यांदेखत ती खाली बसली. काकी पडवीतून पाहत होत्या. ताई चौथऱ्यावर बसली. "गणपतीपर्यंत ही गाय मी कशी जपू?" एवढंच ती म्हणाली. तिच्या हातांवरची माती वाळून भेगाळली होती.

आणि तेव्हाच आंब्याखाली बांधलेली गाय हंबरली. काकी सगळ्यांत आधी धावल्या. त्यांनी विजये अशी हाक मारली आणि ताई उठून पळाली. पुढचा तासभर सासू-सून गाईपाशी होत्या, एक पोटावरून हात फिरवतेय, दुसरी वासराचे पाय धरून ओढतेय. वासरू बाहेर आलं, ओलं, तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका. पाडी होती. ताई एकदम हसत रडायला लागली. काकींनी पदरानं पाडीचं तोंड पुसलं, मग पडवीकडं पाहिलं. दोन जनावरं आणि एक म्हातारी तिथं मावणार नव्हती.

त्यांनी हात धुतले, लुगडं वर खोचलं आणि चिखलाशी येऊन उभ्या राहिल्या. "वायच जागा द्या मला."

आम्ही सरकलो. काकींनी एका हातानं ताईला धरलं, दुसऱ्या हातानं प्रकाशला, आणि तुडवायला सुरुवात केली. दहा पावलांत त्यांना हसू फुटलं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यांनी आम्हाला थांबू दिलं नाही.

थर वाळायला ऊन लागतं, म्हणून मधल्या एका दिवशी आम्हा दोघांना काकींनी हाकलून दिलं. आम्ही रत्नागिरी गाठली आणि भाट्याच्या वाळूत पडून राहिलो. समुद्रात शिरल्यावर माझ्या नखांतली लाल माती सुटायची थांबेना. संध्याकाळी प्रकाश म्हणाला, भिंत कुठवर वाळली असेल? आम्ही शेवटची एसटी पकडून धावत आलो.

निघायच्या आदल्या दिवशी भिंती वाशांना टेकल्या. काकींनी आतून शेणानं सारवलं आणि गाय-पाडी आत नेली. दाराच्या जागी तात्पुरत्या करवंदीच्या काटेरी फांद्या रचल्या. देवरूखहून सुतार आणू का, असं प्रकाशनं विचारलं. काकी नको म्हणाल्या.

मुंबईला आलो आणि पहिल्याच रविवारी सुरेशभावोजींच्या खोलीवर गेलो. भिंतीची गोष्ट ऐकून ते आधी खूश झाले, मग हिरमुसले. रजेवर गेल्यावर काय काय बांधायचं ते वर्षभर त्यांच्या डोक्यात होतं. "मग माझ्यासाठी काय ठेवलंत?" त्यांनी विचारलं.

मी काकींचा निरोप सांगितला. दार त्याच्यासाठी ठेवलंय, चार दिवसांची रजा काढून ये म्हणावं.

त्यांनी लगेच उठून दाराची रुंदी विचारली. मी हात पसरून दाखवली, प्रकाशनं वेगळी दाखवली. शेवटी प्रकाश खोलीच्या मधोमध गाय होऊन ओणवा उभा राहिला, शेजारी पाडी म्हणून मी, आणि भावोजी सुतळी घेऊन आमचं माप घेऊ लागले. दारात शेजारचे येऊन उभे राहिले होते. महाबळेश्वर आम्ही पुढं बऱ्याचदा पाहिलं. पण आमचं लग्न म्हटलं की मला मंडपाच्या आधी ते दहा दिवस आठवतात, आणि त्या खोलीत ओणवा राहून न हसण्याचा प्रयत्न करणारा माझा नवरा.