कुठल्या पाण्यात उतरायचं?

हेलियम मिसळलेल्या हवेला वास नसतो, चव नसते. असते ती घशाला जाणवणारी एक कोरडी, परकी झुळूक. पाठीवरच्या नळकांड्यातून तिचा पहिला श्वास घेताना मला मात्र दर वेळी तिच्या अगदी उलट असा एक गंध आठवतो: शेवाळाचा, ओल्या काळ्या पाषाणाचा, चैत्रातल्या विहिरीचा! राजूरजवळच्या आमच्या वस्तीची ती विहीर, आणि तिच्या काठावर लुगड्याचा कासोटा घट्ट खोचून उभी असलेली माझी कौसाआत्या.

घागर, बादली, पंपाचा एखादा लोखंडी भाग, पाण्यात काहीही पडलं की ते काढायला आसपासच्या गावांतून आत्याला बोलावणं येई. कमरेला दोर बांधून ती सूर मारी आणि काठावर आम्ही पोरं श्वास रोखून बसत असू. तिच्याआधी आमचाच श्वास संपे. पोहायला मला तिनंच शिकवलं. पाण्याचं भय वेगळं आणि पाण्याविषयीचा आदर वेगळा, हे तिनं कधी शब्दांत सांगितलं नाही; पाठीखाली धरलेल्या तिच्या तळहातातून ते आपोआप माझ्या अंगात उतरत गेलं.

पुढे मी जालन्यात रसायनशास्त्र शिकवू लागले आणि सुट्ट्या लागल्या की खोल बुड्या मारायला समुद्राकडे धावू लागले. सोबतीला फिरोज, माझा कॉलेजातला मित्र. जुन्या जालन्यात त्याचं कापडाचं दुकान आहे. साधी हवा घेऊन फार खोल गेलं, की तिच्यातला नायट्रोजन माणसाला झिंगवतो. म्हणून तो कमी करून तिथं हेलियम मिसळतात. त्या मिश्र वायूनं आमच्यासाठी पाताळाची दारं उघडली. आणि दार उघडं दिसल्यावर उंबरठ्याशी थांबणारी माणसं जगात कितीशी असतात?

गेल्या वर्षी आम्हाला नवं ठिकाण निवडायचं होतं. माझं मन प्रशांत महासागरातल्या एका एकाकी बेटावर जडलं होतं. तिथल्या तळाशी निजलेली जुनी जहाजं, स्फटिकासारखं पाणी, दूरवर माणसाची चाहूल नाही! फिरोजचा आग्रह होता तांबड्या समुद्राकाठच्या दहाबचा. "तिथं हेलियम बराबर मिळतो, इलाजाची सोय हाय, लोक वळखीचे हायेत," तो म्हणाला. मला तर ते ओळखीचंच नको होतं. "तू भित्रा झालास," मी फटकन बोलून गेले. तो उठून दुकानात गेला.

तसाच तो तिढा घेऊन मी आत्याकडे गेले. सत्तरी ओलांडलेली आत्या आता गुडघ्यांनी खाटेला खिळली आहे. मोबाइलवर मी तिला त्या बेटाची चित्रं दाखवली.

"लई देखणं हाय गं," ती म्हणाली. "पर काही झालं तर?"

"बोटीनं दोन दिवसांवर मोठा दवाखाना आहे."

आत्यानं मोबाइल खाटेवर ठेवला. मग तिनं आजवर मला न सांगितलेली एक गोष्ट सांगितली. भोकरदनकडच्या एका गावात ती विहिरीत पडलेला पंप काढायला उतरली होती. "खाली तारंत पाय गुतला, माय. म्या दोर हिसकला, दोनदा हिसकला. वरचे लोक नवे. त्यायला वाटलं, म्या आणखीन दोर मागून राह्यले. त्यायनी ढिला सोडला." पिंढरी सोलवटून घेत ती कशीबशी वर आली. "तवापासून इहीर किती खोल हाय, ते कधी इचारलंच न्हाई. वर कोन हाय, तेवढं इचारलं. मंगच उतरले."

ज्या आत्याला कशाचंच भय नाही असं मी जन्मभर मानत आले, तिनं हे भय इतकी वर्षं एकटीनं जपलं होतं! संध्याकाळी मी फिरोजला फोन केला आणि दहाबला होकार दिला. थोडा मनाविरुद्धच, खरं सांगते.

तिथं तिसऱ्या दिवशी सत्तर मीटरवर, निळ्या-जांभळ्या प्रवाळभिंतीशेजारून जात असताना, फिरोजच्या तोंडातल्या श्वासयंत्रातून वायूचा लोट उसळू लागला. त्याचा चेहरा बुडबुड्यांत दिसेनासा झाला. मी माझं राखीव यंत्र त्याच्या ओठांशी धरलं, त्याच्या पाठीवरच्या नळकांड्याची झडप फिरवून बंद केली. या गडबडीत सुरुवातीचं अंतर आम्ही हवं त्याहून वेगानं वर आलो. मग टप्प्याटप्प्यावर, दोरीला धरून, तासाभराहून अधिक थांबलो. कारण खोलात अंगात मुरलेला वायू सावकाश बाहेर पडू दिला नाही, तर रक्तात बुडबुडे धरतो.

दुपारी जेवणाआधी फिरोज म्हणाला, "खांदा बराबर वाटून न्हाई राह्यला." बोटांनाही मुंग्या येत होत्या. अर्ध्या तासात तो उपचाराच्या पोलादी खोलीत होता. वाढवलेल्या दाबाखाली, नाकातोंडावर प्राणवायूचा मुखवटा लावून, तो पाच तास आत पडून राहिला. बाहेर गोल काचेपाशी बसून मी त्याच्या छातीचं वर-खाली होणं पाहत होते. त्या बेटावर असतो तर? बोट, दोन दिवस, आणि या बधिर होत चाललेल्या हाताचं पुढे काय झालं असतं? माझ्याच तोंडून निघालेला 'भित्रा' हा शब्द मला पुन्हा पुन्हा ऐकू येत होता.

बाहेर येताच त्यानं हात सरळ वर करून दाखवला.

"फिरोज, माझं चुकलं," मी म्हणाले.

"ते मंग. आधी जेवू, जल्दी चल."

किनाऱ्यालगतच्या खाणावळीत तो दोन्ही हातांनी भाकरीचे तुकडे मोडत भरभर जेवला. शेजारच्या टेबलावरचे पाणबुडे आपण किती खोल गेलो त्याचे आकडे एकमेकांना सांगत होते. त्यांनी आम्हालाही विचारलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं, आणि दोघांपैकी कुणीही आकडा सांगितला नाही.