खडकावरची वनस्पती आणि ज्योत्स्ना

ज्योत्स्ना गेल्याचं तिच्या आईनेच फोन करून सांगितलं. "बाई, पोरगी गेली," एवढंच. त्याला आता सहा आठवडे झाले. लिहायला बसते, उठते. आज कसंबसं पूर्ण करते आहे.

तालुक्याच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते, ती वनस्पतिशास्त्र शिकवायची. माझ्याहून सोळा वर्षांनी लहान. तिला जन्मापासून सिकलसेल होता. आमच्या भागात हा आजार अनोळखी नाही. अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, अडकतात, आणि हाडं ठणकायला लागतात. भरपूर पाणी पी आणि उन्हात जाऊ नको, असं डॉक्टरांनी तिला बजावलं होतं. आणि हिने पीएचडीला विषय घेतला तो भर मे महिन्यात कातळावर वाळून जाणाऱ्या वनस्पतीचा!

सिंदेवाहीच्या बाजूला जंगलात ती उगवते. उन्हाळ्यात मुठीसारखी आवळते, हातात चुरली तर भुगा होईल इतकी वाळते, आणि पाणी मिळालं की काही तासांत हिरवी. बाजारात तिला संजीवनी म्हणून विकतात. ज्योत्स्नाला तो शब्द खपायचा नाही. "मेलेलं काई जित्तं होत नाई, बाई. हे मेलंच नव्हतं," म्हणायची. तिला पाहायचं होतं ते पेशीभोवतीचं पातळ आवरण. वाळताना ते ताठरतं. पाणी परत आलं की पूर्ववत व्हायला त्याला वेळ लागतो, आणि तेवढ्यात पेशीतले क्षार बाहेर झिरपतात. पानं पाण्यात ठेवायची आणि त्या पाण्यातून वीज किती वाहते ते मीटरवर बघायचं. जितकं झिरपलं तितका आकडा मोठा. मीटर माझ्या प्रयोगशाळेतला, म्हणून मीही या कामात ओढली गेले.

पहिल्याच दिवशी मी वाळकी पानं थेट पाण्यात सोडायला निघाले. तिने माझा हात धरला. "एकदम टाकू नोका, बाई. आंधी बंद डब्यात ओलसर हवेत राहू द्या, मंग पाणी." दोन्ही करून पाहिलं. डब्यात ठेवलेल्या पानांतून खरंच फार कमी झिरपलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती मीटर हातात घेऊन प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना आकडा दाखवत फिरली.

दोन उन्हाळे मी तिच्यासोबत कातळावर गेले. ती मोहाच्या झाडाच्या सावलीत बसून बोटाने दाखवायची, मी उन्हात खरवडायची. या मे महिन्यात तिने विचारलं, "रविवारी येता का?" पेपर तपासून मी पार गळून गेले होते. म्हटलं, "पुढच्या रविवारी जाऊ ना गं." ती एकटीच गेली... सोमवारी पानं डब्यात ठेवली, मंगळवारी आकडे घेतले, दुपारी कंबर धरून बाकावर बसली. बुधवारी जिल्ह्याच्या दवाखान्यात. दुखणं छातीत शिरलं, मग डॉक्टरांच्या हाती काही राहिलं नाही.

नंतर घरी भेटायला गेले तेव्हा तिच्या आईला मी रविवारचं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "आयकत होती का ती कोनाचं? मी दारात उभी राहून नोको जाऊ मनलं. तं मले मने, बाई थकून राह्यल्या, त्याईले तरास नाई द्याचा."

मागच्या आठवड्यात तिचं टेबल रिकामं करायला मलाच सांगितलं. खणात तिची वही निघाली. शेवटच्या पानावर मंगळवारचे आकडे, तिच्या बारीक, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात. खाली पेन्सिलने लिहिलंय, 'या वेळी आकडा इतका कमी का? बाईंना विचारणे.' आणि त्याखाली, माझ्या उत्तरासाठी, तिने चार ओळी मोकळ्या सोडल्या आहेत.