दुध्याचं पोट आणि माझं गवत

माझ्या लग्नाला दीड वर्ष झालं असताना मी एका सशाला दोरी बांधून खळ्यात गोल गोल फिरवलं, आणि त्या वेळी मला त्यात काहीही चुकीचं वाटलं नाही.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायला अजून एक-दोन वर्षं होती. आमचं घर आटगाव स्टेशनापासून दोन कोसांवर, आणि धंदा गवताचा. दसरा झाला की डोंगरउतारावरचं गवत कापायचं, वाळवायचं, वखारीत गंजी रचायची आणि आटगावला रेल्वेच्या वाघिणीत भरून मुंबईच्या तबेल्यांना धाडायचं. मुंबईतल्या निम्म्या म्हशी माझ्या जिवावर जगतात, असं मी चारचौघांत सांगत असे. लग्नानंतर मात्र ते बंद केलं. लग्नाच्या पंगतीत बायकोचे एक मामा वाढप्याला मोठ्याने म्हणाले होते, "जावईबापूंना पोळी कसली वाढता? पेंढी सोडा!" सगळी पंगत हसली. नवरीही हसली. (ती माझ्या शेजारीच बसली होती, त्यामुळे नजरचुकीला वाव नव्हता.) त्या दिवशी मी मनात ठरवलं, की सासरच्या माणसांसमोर गवत हा शब्दसुद्धा काढायचा नाही.

सुमती कल्याणची, तिचे वडील मास्तर. ती सासरी आली ती दोन पांढरे ससे घेऊन. दुध्या म्हणजे बोका शोभेल असा गलेलठ्ठ, आणि कापशी म्हणजे त्याच्या निम्मी, पण दुप्पट द्वाड. दुध्याला तिने शाळेत असल्यापासून वाढवलेलं. माझ्याशी ती जेवढं बोलत असे त्याच्या तिप्पट त्याच्याशी बोलायची, आणि मला त्याचा थोडा राग यायचा हे आता कबूल करायला हरकत नाही.

त्या कार्तिकात ती बहिणीच्या मुलाच्या बारशाला आठ दिवस कल्याणला गेली. सशांचे केस झडायचे दिवस होते, त्यात त्यांना गाडीचा प्रवास सोसत नाही, म्हणून ते माझ्या हवाली झाले. जाताना तिने मला समोर बसवून समजावलं. हे प्राणी अंग चाटतात, झडलेले केस पोटात जातात, आणि मांजरासारखं त्यांना ओकता येत नाही. तेव्हा रोज फणीने विंचरायचं, सुकं गवत पोटभर घालायचं आणि रोज सकाळी लेंड्या बघायच्या. "कोरड्या, गोल आणि सुट्या हव्यात," ती म्हणाली. "तीनच गोष्टी आहेत. विसरणार नाही ना?"

मी काहीच विसरलो नाही. फक्त गवत घातलं नाही.

त्याला दोन कारणं होती. पहिलं कारण माझी आई. तिने गवताची मूठ माझ्या हातातून काढूनच घेतली.

"व्याह्यांच्या घरचं जनावर हाय ते," ती म्हणाली. "त्याच्यापुढं गवत टाकलंस तर आमी त्यांना काय तोंड दाखवू? आपल्या घरात काय तांदूल नाय?"

दुसरं कारण मी स्वतः. सासरहून आलेल्या सशांनाही मी गवतच वाढलं, ही बातमी त्या मामांच्या कानावर जाणार, या कल्पनेनेच माझे कान तापले. तेव्हा सशांचा पाहुणचार सुरू झाला. सकाळी दूधभात, दुपारी गूळपोळी, संध्याकाळी तांदळाची खीर. दुध्या पाटावर बसवलेल्या जावयासारखा जेवायचा. (तसा पाहुणचार मला कल्याणला कधी मिळाला नव्हता.) कापशीने मात्र खिरीकडे ढुंकून पाहिलं नाही. तिने पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरातली केरसुणी ओढून नेली आणि चार दिवसांत मुठीपर्यंत खाऊन टाकली. आई तिला रोज शिव्या द्यायची. ती ठणठणीत होती, याकडे आम्हा दोघांचंही लक्ष गेलं नाही.

विंचरायचं काम मी इमानाने केलं. फणी आईची, शिंगाची. पहिल्या दिवशी इतके केस निघाले, की मला वाटलं ससा संपला. पण आत आणखी एक ससा होता. केस घरभर उडायला लागले. आमटीत केस, माठात केस, देवाच्या गंधात केस. आटगावला वाघीण भरायला गेलो तर तिथल्या स्टेशनमास्तरांनी माझ्या काळ्या कोटाकडे पाहून विचारलं, की गवत सोडून गाद्या भरायला कधी घेतल्या? मी हसण्यावारी नेलं. घरी आलो तर आई सशांच्या खोक्याजवळ बसली होती. दुध्याच्या लेंड्या केसांत ओवल्यासारख्या एकीला एक लागून पडल्या होत्या.

"बग, कशी माल घातलीय," आई कौतुकाने म्हणाली. "जप करतोय रे. पुन्यवान हाय."

पुण्यवान प्राण्याने दुसऱ्या दिवशी ती माळही सोडली. खोक्यात काहीच नाही. खिरीला तोंड लावेना. कोपऱ्यात अंग गोळा करून बसला आणि दात करकर वाजवायला लागला. त्याच दुपारी सुमतीचं कार्ड आलं: बारसं छान झालं, उद्या सकाळच्या गाडीने बाबा मला पोचवायला येत आहेत, दुध्याला सांगा.

दुध्याला काय सांगणार? मी त्याच्यापाशी बसलो आणि रिकाम्या खोक्यात पुन्हा पुन्हा हात फिरवून पाहिला. एवढा वेळ मला मामांची भीती होती. आता सुमतीचा चेहरा डोळ्यांपुढे आला. गवत घातलंत ना, एवढंच ती विचारणार होती.

गावात सोनूतात्या होते. म्हसा गावच्या जत्रेत बैलांचे दात बघून वय सांगणारे, आणि एरवी गुरांना औषध देणारे. त्यांनी दुध्याला उलटासुलटा करून पाहिलं, पोटावर कान लावला आणि निदान केलं.

"बैलाचं पोट तटलं तर आमी अर्धा शेर एरंडेल देतो."

"तात्या, हा बैल नाही."

"दिसतंय मला. म्हनून पाव शेर."

औषध पाजायचा बांबूचा नळा दुध्याहून लांब होता. मी धरलं, आईने तोंड उघडलं, तात्यांनी ओतलं, आणि दुध्याने मागच्या दोन्ही पायांनी अशी लाथ हाणली, की पाव शेर एरंडेल माझ्या डोक्यावर आलं. त्याच्या पोटात थेंब गेला असेल-नसेल. वर विंचरलेल्या केसांची टोपली कलंडली, आणि जे केस आठवडाभर सगळ्या घरात उडत होते ते सगळे येऊन माझ्या अंगावर बसले. डोक्यापासून कमरेपर्यंत मी पांढरा, मऊ आणि केसाळ झालो. आईला हसू आवरेना. ती पदर तोंडात धरून आत गेली आणि आतूनही ऐकू येत राहिली.

तात्या मात्र गंभीर होते. तटलेल्या बैलाला बसू द्यायचं नाही, चालवायचं, असा त्यांचा नियम. तेव्हा दुध्याच्या छातीमागून दोरी बांधली आणि मी त्याला घेऊन खळ्यात उतरलो. दुध्या दोन पावलं टाकी आणि बसे. मी च्यक् च्यक् करी. सगळी आळी कुडाला ओठंगून उभी होती. केसाळ माणूस एका सशाला चालवतोय की ससा माणसाला, यावर त्यांचं एकमत होत नव्हतं. पाचव्या फेरीला तेलकट दुध्या दोरीतून अल्लाद निसटला आणि उघड्या दारातून वखारीत, गंजीच्या खाली शिरला.

अंधार पडेपर्यंत मी गवत उपसलं. वखारीत दिवा नेण्याची सोय नव्हती. दुध्या कुठेतरी आत मरून पडला असेल, या धास्तीने मला जेवण गेलं नाही. सकाळी उजाडताच पुन्हा शिरलो. डोक्यावरचं एरंडेल रिठ्यांना दाद देत नव्हतं, केस तसेच होते, आता त्यांवर गवत चढलं. पोटावर सरपटत गंजीच्या बुडाशी पोचलो, आणि तिथे दुध्या बसला होता. शांतपणे एक लांब काडी तोंडात ओढत होता. त्याच्या मागे, चांगल्या ओंजळभर, कोरड्या, गोल, सुट्या!

त्या ओंजळीत भरून मी पाठीमागून बाहेर आलो, उठून उभा राहिलो आणि वळलो. समोर सासरे उभे होते, आणि त्यांच्यामागे बैलगाडीतून उतरणारी सुमती.

नमस्काराला हात मोकळे नव्हते. मास्तरांनी माझ्या अंगावरचे केस पाहिले, गवत पाहिलं, मग ओंजळ पाहिली. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी त्यातली एक उचलली आणि दोन बोटांत चुरडली.

"छान सुटी आहे," ते म्हणाले. "गवत उत्तम आहे हो तुमचं."

माझ्या धंद्याबद्दल सासरकडून आलेला तो पहिला चांगला शब्द.

माझ्या मागोमाग गंजीतून बाहेर आलेल्या दुध्याला सुमतीने छातीशी धरलं आणि मला विचारलं, की हे काय झालं? मी सगळं सांगून टाकलं. खीर, केरसुणी, एरंडेल, आणि मामांची पेंढीसुद्धा. गवतवाला म्हणून हसतील या लाजेने मी तिच्या सशाला गवत दिलं नाही, हेही सांगितलं. रागावेल असं वाटलं होतं.

"अहो, मला दोन स्थळं आली होती," ती म्हणाली. "एक मुंबईला कचेरीत होता. गोरा होता, इंग्रजी बोलायचा. पण चाळीत दोन खोल्या. तिथे दुध्याला गवत कुठून मिळणार? म्हणून बाबांना म्हटलं, वखारवालं स्थळ बघा."

दीड वर्ष मी समजत होतो, की कांदेपोह्यांच्या वेळी तिने माझा भांग पाहून होकार दिला. माझ्या डोक्यावर त्या वेळी गवताची एक काडी राहून गेली होती म्हणे. तिने तीच पाहिली होती.