पालखीला गाडी कुठं असते?

रोह्यात आमच्या कॉलनीत चार इमारती आणि मध्ये एक अंगण. अंगण म्हणायचं आपलं. पाय ठेवायला जागा नाही. धाटावच्या कंपन्यांची शिफ्ट सुटली की गाड्या येऊन अशा घुसतात की मांजरालाही वळसा घ्यावा लागतो. आम्ही सगळे यावर वर्षानुवर्षं नुसते करवादतो. शकूताई करवादत बसली नाही, म्हणून ही तिची गोष्ट.

शकूताई पेणकडची, खाडीकाठची. आईबाप दोघंही मिठागरावर राबलेले. लग्न होऊन रोह्यात आली त्यालाही आता तीस वर्षं उलटली. नवरा हिरामण कंपनीत फिटर होता. आधी त्याची मूत्रपिंडं गेली, मागोमाग पायातलं बळ. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस आणि कायमची चाकाची खुर्ची. घर तळमजल्यावर, पायऱ्यांवर फळी टाकली की खुर्ची खाली येते. पण फळीच्या पुढे मोटारसायकली, आणि त्यांच्या पुढे आमचे अध्यक्ष हैबतराव यांची पांढरी कार. रिक्षा फाटकाबाहेरच अडकते. मग कॉलनीतले चौघं हिरामणला खुर्चीसकट उचलून नेत. प्रेमानं नेत, त्यात खोट नाही. पण एका सोमवारी हिरामणने दाराची चौकट घट्ट धरली.

"चौघांनी उचलायची येळ यायची तवा येईल. तवर मी माझ्या चाकावर जाईन. नायतर नाय जात."

आणि तो खरंच गेला नाही. दुसऱ्या दिवशी तोंड सुजलं, धाप लागली. बुधवारी शकूताईने त्याला कसंबसं नेलं, ते "ही शेवटची खेप, शुक्रवारी तुझ्या चाकावर" असा शब्द देऊन. शब्द पाळला नाही तर तो पुन्हा जाणार नव्हता, हे तिला आणि मलाही ठाऊक होतं.

हैबतरावांनी काही केलंच नव्हतं असं नाही. एका रविवारी सकाळी सभा घेऊन अंगणात पांढऱ्या चौकटी आखल्या होत्या. पण रविवारी सकाळी निम्मी कॉलनी रात्रपाळी करून घोरत असते. सभेला आले ते पेन्शनवाले आणि चहाबिस्किटवाले. गाड्या ज्यांच्या, त्यांना कुणी विचारलंच नाही. त्याच संध्याकाळी चौकटी गाड्यांखाली गडप झाल्या.

मी म्हटलं, "पुन्हा सभा लावायला सांगू या."

"बांध फुटल्यावर सभा घेतात काय गो?" शकूताई म्हणाली. "आमच्याकडं खाडीचा बांध फुटला का घरोघर हाक मारतात. घरटी एक माणूस."

बुधवारी दुपारीच ती निघाली. पहिल्या शिफ्टवाल्यांना चहाच्या वेळी गाठलं, रात्रपाळीवाल्यांना डबा भरताना. मी तिच्यामागे, तोंड बंद ठेवून, जे मला मुळीच जमत नाही. दारोदारी तिचा एकच प्रश्न, "धावीर महाराजांच्या पालखीला तुझी गाडी कुठं असते?"

रोहेकरांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगते. दसरा झाला की आमच्या ग्रामदैवताची पालखी गावभर फिरते, दारादारांत थांबते. त्या दिवशी आमच्या अंगणात एक सायकलसुद्धा उरत नाही. सडा पडतो, रांगोळ्या पडतात.

"मागच्या पडीक जागेत," रात्रपाळीवाला आदेश डबा बांधता बांधता म्हणाला. प्रणितची गाडी तिथंच, नमिताची स्कूटीही तिथंच. इमारतींमागची ती जागा कॉलनीचीच. पालखीपुरतं तिथलं गवत काढतात, मग वर्षभर कुणी फिरकत नाही.

"मग रोज का नाय?" असं विचारलं की कारणं निघत. गवत. साप. नमिता म्हणाली, "अंधारात एकटी कशी जाऊ, मावशी?" शकूताईने कुणाशीच वाद घातला नाही. "गवत मी काढते. दिवा लावू," एवढंच म्हणत पुढच्या दारात गेली.

हैबतराव शेवटी. ते म्हणाले, "पालखीची गोष्ट वेगळी, शकूताई. तो देव आहे."

"व्हय. देव खांद्यावरून येतो, त्याला तुमी वाट देता. माझ्या माणसाला खांदा नको हाय, साहेब. नुसती वाट द्या."

हैबतराव चष्मा पुसत राहिले. मला त्यांचा असा राग आला की जिना उतरताना मी धडपडलेच.

गुरुवारी सकाळी शकूताई कोयता घेऊन मागे उतरली. एकटीच. थोड्या वेळाने आदेश आला, रात्रपाळीचे लाल डोळे घेऊन. मग प्रणितने आपल्या गॅलरीतून वायर ओढून दिवा लावला. दुपारपर्यंत घरटी एक माणूस कामाला लागला होता. फक्त अध्यक्षांच्या घरचं कुणी आलं नाही.

शुक्रवारी अंगण रिकामं होतं, मध्ये ती पांढरी कार सोडून. शकूताई पीळ भरलेल्या दोरीसारखी ताठ. तिने फळी टाकली. तेवढ्यात हैबतराव लेंग्यावरच खाली आले, कुणाकडे न बघता कार सुरू केली आणि मागे प्रणितच्या मोटारसायकलीशेजारी नेऊन लावली.

रिक्षा आत आली. शकूताईने हिरामणला फळीवरून उतरवलं आणि सवयीने खुर्ची लोटायला गेली.

"सोड," तो म्हणाला.

तिने सोडली. पण हिरामण रिक्षाकडे वळलाच नाही. स्वतःच्या हातांनी चाकं लोटत त्याने आधी अख्ख्या अंगणाला एक फेरी घातली, दारादारापुढे जरा जरा थांबत. रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला नाही. शकूताई कमरेवर हात ठेवून उभी होती, आणि मी खिडकीत चक्क रडत होते.