साडूंचे पाच क्वार्क आणि माझी वजावट

आमच्या साडूंइतका रिकामा आणि तरीही सदान्‌कदा कामात असलेला माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात दुसरा झाला नाही. आष्टीच्या कॉलेजात ते पदार्थविज्ञान शिकवायचे आणि उरलेल्या वेळात, कुणी कधी न पाहिलेल्या कणाचं वजन कागदावर काढायचे. प्रोटॉनच्या पोटात तीन क्वार्क, इथवर जगाचं एकमत आहे. साडूंचा जीव पाच क्वार्कांच्या कणात अडकलेला. हे पाच एकाच गोळ्यात नांदतात की तीन इकडं, दोन तिकडं फटकून राहतात, हा प्रश्न त्यांना कुठंही गाठायचा. एका लग्नात त्यांनी पाच लाडू मागून घेतले आणि ताटात त्यांच्या जागा बदलत बसले. वाढप्या म्हणाला, "पाव्हणं, खाऊन राह्यले का मोजून राह्यले?"

"बघून राह्यलो," साडू म्हणाले, "कोण कोणाला धरून बसतंय ते."

आठ वर्षं खपून त्यांनी परदेशी नियतकालिकासाठी निबंध लिहिला. टाइप करायचं काम माझ्याकडं आलं, कारण मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून आणि टाइपरायटर माझ्याच टेबलावर. साडूंनी समजावलं, "क्वार्क एकत्र बांधले, की मोळीचं वजन कमी भरतं." हे मला बिलकुल पटलं. उसाच्या वजनातून बांधणीचा, म्हणजे मोळ्या आवळायच्या पाल्याचा, एक टक्का आम्ही रोजच वजा करतो. साडू तो विसरले असणार, असं समजून मी तक्त्यातल्या प्रत्येक वजनातून एक टक्का कापला. त्यांना सांगितलं नाही. उपकार काय बोलून दाखवायचे? साडूंनी मजकूर तपासला. आकडे मात्र, मी काट्यावरचा माणूस म्हणून, माझ्या भरवशावर सोडले.

उत्तर आलं : तुमच्या हिशेबानं हा कण फुटून होणाऱ्या तुकड्यांच्या बेरजेपेक्षाही हलका आहे, म्हणजे तो फुटणारच नाही. मग आजवर कुणाला सापडला कसा नाही?

साडू पहिल्या वहीपासून स्वतःची चूक शोधायला बसले. ती कुठं आहे हे मला पत्र ऐकताक्षणी कळलं होतं. चारदा सांगायला म्हणून गेल्तो आणि चारदा चहा पिऊन परत आलो. पाचव्यांदा गेलो तर वह्या रद्दीसाठी सुतळीनं बांधलेल्या. साडू म्हणाले, "एवढं गणित जमत न्हाई, मंग पोरांपुढं कोणत्या तोंडानं उभं राहू?"

तेव्हा मी बोललो.

साडूंनी सुतळी सोडली, वहीतल्या आकड्यातून एक टक्का वजा केला आणि टाइप केलेल्या आकड्याशी ताडून पाहिला. "म्हणजे मी बराबर होतो?"

"बिलकुल."

ते इतके हसले, की चष्मा काढून पुसावा लागला. दुसरी प्रत त्यांनी हातानं लिहून पाठवली आणि ती छापून आली.

दीड महिना मी का गप्प बसलो, हे त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही. मी उत्तर तयार ठेवलं होतं.