डब्यांवरची नावं

पेंटर म्हणजे पाट्यांचा राजा. शिडीवर चढून, एक ब्रश दातात धरून अशी अक्षरं काढायचा, की दुकानदार रस्ता ओलांडून पलीकडून पाटी बघत उभा राहायचा. पण छातीत कळ आली आणि डॉक्टरीणबाईंनी शिडीच बंद केली. आता खाली बसून नंबरप्लेटा रंगवा! गडी पार कंटाळून गेला.

"पोटात जंतूंचं अख्खं गाव असतं," डॉक्टरीणबाईंनी समजावलं. "त्यांना डाळी, पालेभाज्या, फळं मिळाली, की ते रक्तवाहिन्यांना मानवेल असं काहीबाही बनवतात. उपाशी ठेवलं, तर भलतेच शिरजोर होतात. शौचाचा नमुना तपासू, मग शिडीचं बघू." एका घरातल्या माणसांचे जंतू एकमेकांकडे जातात, म्हणून नमुना बायकोचाही हवा होता.

बायकोनं कंबर कसली. दोन्ही वेळा ताट हिरवंगार! ती समोर उभी, त्यामुळे पेंटर नाक मुरडत का होईना, सगळं संपवायचा. पण अधूनमधून दुकानामागे तळलेल्या बटाट्यांवर ताव मारायचा, त्याचं काय? नमुने द्यायच्या दिवशी त्याची पाचावर धारण बसली. आता बिंग फुटणार! डब्यांवर नावं घालायचं काम अर्थातच त्याच्याकडे आलं. पठ्ठ्यानं सुबक अक्षरांत स्वतःच्या डब्यावर बायकोचं नाव घातलं आणि तिच्या डब्यावर स्वतःचं. एवढी भाजी शिजवणाऱ्या बाईचं पोट काय वाईट निघणार?

रिपोर्ट आले. डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून पेंटरकडे पाहिलं. "तुमच्या पोटात धड काही जातच नाही. हृदयाला जपणारे जंतू जवळजवळ संपलेत. शिडीचं नाव काढू नका. बाई, तुमचं मात्र छान आहे हं."

"अहो!" बायको उसळली. "मग मी रांधलेलं गेलं कुठे? कुत्र्याला घातलंत?"

भाजी तर पेंटरनंच खाल्ली होती, पानापानानं. मग हे उपाशी पोट... त्याच्या पायाखालची जमीन सरकली.

"डॉक्टर, नावं मी उलटी घातली," तो भडाभडा बोलून गेला. "तो डबा हिचा आहे."

"म्हणजे तुमचं पोट चांगलं आहे? मग हळूहळू चढा की शिडी!" डॉक्टरीणबाई बायकोकडे वळल्या. "बाई, तुम्ही जेवता काय?"

"मी होय?" ती ओशाळून हसली. "यांचं जेवण होईस्तोवर माझी भूकच मरते. मग चहा-टोस्ट. माझ्या एकटीसाठी कुठे पुन्हा ताट वाढून घ्यायचं?"

इतक्या वर्षांच्या संसारात हे पेंटरनं कधी विचारलंच नव्हतं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती.

"शिडी राहू दे, डॉक्टर," तो म्हणाला. "आधी हिची छाती तपासा."

"अहो, माझं काय एवढं!"

"तुझंच," पेंटर म्हणाला आणि तिच्या मांडीवरची पिशवी त्यानं आपल्याकडे घेतली.